‘माझं मराठी गेलं’ म्हटल्यावर सगळे हसले

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

इंदूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. घरचा कॉम्प्युटर फार रखडत होता म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला. तो फॉरमॅट होऊन परत आला. फाइली जागेवर आहेत, पण यजमानांनी 2004 साली टाइप केलेली 112 पानं उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती पानं म्हणजे सासऱ्यांनी सांगितलेल्या होळकर संस्थानातल्या नोकरीच्या आठवणी. सासरे केव्हाच गेले, दोन वर्षांपूर्वी यजमानही गेले. त्या रात्री घाबरून बाईंनी गणेशोत्सव मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘माझं मराठी गेलं. कोणी मदत करेल का?’ सकाळपर्यंत 41 उत्तरं आली होती. ‘काकू, पुण्याला गेलं असेल, स्टेशनवर चौकशी करा.’ ‘इंदुरात राहून इतकी वर्षं टिकलं हेच नवल.’ ‘काकी, राजवाडे पे देखो, गेर में छूट गई होगी.’ (गेर म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक.) ‘पोहे-जलेबी खाऊ घाला, येईल परत.’ एकाने ‘ऑल्ट आणि एफ-फोर दाबा’ असं लिहिलं. त्यांनी दाबलं, तर समोरची फाइलच नाहीशी झाली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हसणाऱ्यांत त्यांच्या जाऊबाईंचा मुलगाही होता. न हसणारा एकच निघाला. एका अनोळखी नंबरवरून निरोप आला, ‘मॅडम, एक अ‍ॅप टाका, मी घरबसल्या ठीक करून देतो.’ नात म्हणते, ‘आजी, तूच नीट विचारलं नाहीस.’ बाई विचारतात: ग्रुप सोडू का? त्या सगळ्यांना चार शब्द सुनवू का? त्या भल्या माणसाकडून काम करून घेऊ का? आणि या वयात कोणाला काही विचारूच नये का?

ताई,

आधी पानांचं बोलू, माणसांचं मागून.

तुमच्या यजमानांचं लिखाण गेलेलं नाही. फाइल उघडते, पानं भरलेली दिसतात, फक्त अक्षरं इंग्रजी आहेत, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. त्या एका ओळीवरून मी हे सांगते आहे. 2004 साली घराघरांत आणि छापखान्यांत मराठी टाइप व्हायचं ते बहुतेक जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नसायचंच. यजमानांनी ‘म’ची कळ दाबली की फाइलीत एखादं इंग्रजी अक्षर साठायचं आणि फॉन्ट त्या अक्षराला पडद्यावर ‘म’चं रूप द्यायचा. तुमचा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला तेव्हा तो फॉन्ट पुसला गेला. रूप गेलं आणि खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडलं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा 1991 सालीच मिळाली होती, विंडोज 2000 पासून ती घरच्या कॉम्प्युटरवर वापरताही येत होती. पण छपाईचा सगळा व्यवहार जुन्या फॉन्टांवर बसलेला, त्यामुळे माणसं कितीतरी वर्षं त्यातच टाइप करत राहिली. तुमच्यासारखी पानं अनेक घरांत पडून आहेत. कुणाची वंशावळ, कुणाच्या आईच्या ओव्या. कॉम्प्युटर बदलेपर्यंत कळत नाही.

आता कृपा करून एवढं पाळा. ती फाइल उघडून त्यात काही दुरुस्त करायला जाऊ नका आणि बंद करताना ‘सेव्ह करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. आज रात्रीच तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून द्या. मग फाइल वर्डमध्ये उघडा, त्या कचऱ्यातल्या एखाद्या ओळीवर कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं ते बघा. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं. ते नाव स्पेलिंगसकट कागदावर उतरवून घ्या. तुमच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली ते नाव आहे.

तो फॉन्ट मिळाला की काम सोपं आहे. फॉन्टच्या फाइलीवर माउसचं उजवं बटण दाबायचं, ‘इन्स्टॉल’ म्हणायचं, वर्ड बंद करून पुन्हा उघडायचं. मिळेल कुठे? लग्नपत्रिका छापणारे आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याचं काम करणारे, यांच्याकडे जुने फॉन्ट अजून असतात, कारण त्यांचं बरंच काम अजून त्यांतच चालतं. इंदुरात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, जवळच्या एखाद्याला विचारा. मराठी दिसायला लागलं की लगेच, त्याच बैठकीत, फाइलची पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बांधला जातो, मग कॉम्प्युटर किती वेळा फॉरमॅट झाला तरी ती पानं वाचता येतात. एक प्रिंटही काढा. युनिकोडमध्ये रूपांतर नंतर सावकाश करता येईल, त्याबद्दल शेवटी लिहिते.

ऑल्ट आणि एफ-फोर या दोन कळा एकत्र दाबल्या की समोरची खिडकी बंद होते, बाकी काही होत नाही. तुमची फाइल जिथे होती तिथेच आहे.

आता त्या 41 उत्तरांचं.

तुम्ही लिहिता, ‘ते माझ्यावर हसले.’ मी ती उत्तरं तुमच्या पत्रातून तीन-चारदा वाचली. ताई, त्यांतलं एकही तुमच्याबद्दल नाही. ती सगळी त्या वाक्याबद्दल आहेत. ‘माझं मराठी गेलं’ हे वाक्य इंदूरच्या मराठी माणसापुढे ठेवलं की त्याला कॉम्प्युटर दिसतच नाही. त्याला आपला मुलगा दिसतो, जो आईशी मराठीत सुरू करतो आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीत जातो. मल्हारराव होळकरांच्या काळापासून आपण इथे आहोत. घरात मराठी, बाहेर माळवी-हिंदी, आणि दर पिढीत घरातलं थोडं थोडं कमी होतंय याची धास्ती प्रत्येकाच्या पोटात आहे. ‘इंदुरात राहून इतकी वर्षं टिकलं हेच नवल’ असं लिहिणाऱ्याने स्वतःचंच दुखणं लिहिलंय असं मला वाटतं. दुखऱ्या जागेला हात लागला की माणसं पुष्कळदा हसून मोकळी होतात.

त्यांना 112 पानांची काहीच कल्पना नव्हती, हेही लक्षात घ्या. तुमच्या मनात त्या वेळी यजमानांचं अक्षर होतं. त्यांच्यापुढे सहा-सात शब्द होते.

आणि त्या शब्दांतून मदत करू पाहणाऱ्यालाही काही हाती लागत नव्हतं. ‘मराठी गेलं’ म्हणजे काय काय असू शकतं ते बघा. फोनवर मराठी उमटत नसेल तर बहुतेक कीबोर्डवरची भाषा बदललेली असते. स्पेसबार दाबून धरला की पुष्कळ फोनवर भाषांची यादी येते. कॉम्प्युटरवर नवीन मराठी टाइप होत नसेल तर चुकून विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबली गेलेली असते, पुन्हा तेच दाबलं की परत येतं. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर त्या फॉन्टमध्ये देवनागरीच नसते. आणि जुनी फाइल उघडल्यावर इंग्रजी कचरा दिसत असेल तर तुमची गोष्ट. चार आजार, चार औषधं, आणि नाव एकच. ज्याला यातलं कळतं तो असा प्रश्न पाहून थबकतो. आता पाच गोष्टी विचाराव्या लागणार, रात्रीचे साडेदहा वाजलेत, सकाळी बघू, असं म्हणून फोन ठेवतो. ज्याला कळत नाही त्याच्याकडे द्यायला विनोद असतो, तो लगेच येतो. पहिल्या विनोदाला दहा जण हसले की सगळ्या ग्रुपचा सूर ठरून जातो. मग सकाळी त्या माहीतगाराला वाटतं की इथे गंमत चालली आहे.

म्हणून नातीचं म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं मी तिलाही सांगेन. ज्याला अडचण कळत नाही, त्याला कुठला तपशील महत्त्वाचा हेही कळत नसतं. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. ‘बाई, मला गणित येत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही वर्गासमोर हसला नसाल. ‘कुठलं उदाहरण? दाखव बघू वही’ असंच म्हणाला असाल. त्या रात्री ग्रुपमधल्या 180 जणांत ‘दाखवा बघू’ म्हणणारं एकही माणूस निघालं नाही, आणि ही चूक ग्रुपची आहे, तुमची नव्हे. रंगपंचमीच्या गेरमध्ये राजवाड्यासमोर पाऊल ठेवायला जागा नसते, तरी रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की तीच रंगलेली गर्दी मागे सरून वाट करून देते. आपलं गाव असं आहे. तुमच्या वाक्यात भोंगा ऐकू येत नव्हता हे खरं, पण कोणी थांबून कान द्यायला हवा होता हेही तितकंच खरं.

त्या उत्तरांतल्या एकाला मात्र मी बाकीच्यांबरोबर बसवणार नाही. ऑल्ट-एफ-फोरवाल्याला. पोहे-जलेबीचा विनोद वाचून तुम्ही फार तर दुखावलात. या विनोदाने तुमच्या हातून एक कृती करवून घेतली, तीही तुम्ही मदत समजून केलीत. असे विनोद कुठपर्यंत जातात ते पाहा. 2013 साली आयफोनची नवी प्रणाली आली तेव्हा तिच्यामुळे फोन पाण्यात भिजला तरी चालतो, अशी खोटी जाहिरात कुणीतरी हुबेहूब बनवून पसरवली. पुढच्याच वर्षी, नवीन प्रणालीमुळे फोन मायक्रोवेव्हमध्ये ठेवून चार्ज होतो अशी दुसरी, तेव्हा असं करू नका म्हणून लॉस एंजेलिसच्या पोलिसांना लोकांना सांगावं लागलं. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणणाऱ्याला ‘सिस्टीम-32 नावाचं फोल्डर पुसून टाका’ असं सांगण्याची गंमतही फार जुनी आहे. ते पुसलं तर विंडोज सुरूच होत नाही. विचारणाऱ्याला कळत नाही म्हणून तर तो विचारतो. त्याच्या न कळण्याचाच वापर करून त्याच्या हातून त्याचंच नुकसान करवणं याला मी विनोद म्हणायला तयार नाही. हे सदर वाचणाऱ्या तरुण मुलामुलींना मी कळकळीने सांगते, काय वाटेल ती थट्टा करा, पण ‘हे दाबा’ आणि ‘ते पुसा’ अशी थट्टा करू नका. पलीकडे कुणाची आई बसलेली असते.

आणि आता तो न हसणारा भला माणूस. ताई, तुमचं सगळं पत्र वाचताना माझ्या काळजाचा ठोका चुकला तो इथे. सगळे हसले, हा एकटा अदबीने बोलला, म्हणून तो आपला, असं तुम्ही धरून चाललात. मला तर त्या 42 जणांत भीती वाटली ती याचीच. नाव नाही, ओळख नाही, फाइल कुठली हे विचारलं नाही, आणि पहिली मागणी काय, तर अ‍ॅप टाका. दुरून कॉम्प्युटर किंवा फोन चालवायची अ‍ॅप्स असतात, ती स्वतः वाईट नसतात, पुष्कळ कंपन्यांत रोज वापरली जातात. पण 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने यांतल्याच एकाबद्दल, एनीडेस्कबद्दल, सावध केलं होतं. ठग ते अ‍ॅप टाकायला सांगतात, पडद्यावर आलेला नऊ आकडी कोड मागून घेतात आणि मग तुमचा फोन त्यांच्या हातात जातो, बँकेच्या व्यवहारांसकट. हा माणूस तसाच आहे असं मी म्हणत नाही. तो खरोखर सज्जन असेल तर ‘आधी फॉन्टचं नाव बघा’ एवढं सांगायला त्याला अ‍ॅप लागणार नाही. त्याला उत्तर देऊ नका. अ‍ॅप टाकून झालं असेल तर आधी इंटरनेट बंद करा, अ‍ॅप काढून टाका आणि आपल्या बँकेत जाऊन कळवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. त्यात जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

हसणारे तुम्हाला ओळखत होते, म्हणून हसू शकले.

ग्रुप सोडायचा का? मंडळ तुमचं किती जुनं आहे, तिथे तुम्हाला एरवी किती जीव लावतात, हे तुम्हालाच माहीत. एवढ्या एका रात्रीसाठी मी सोडणार नाही. दोन दिवस फोन वाजलेला नको असेल तर ग्रुप म्यूट करा, आठ तास, आठवडा किंवा कायमचा, कुणाला कळतही नाही. चार शब्द सुनवायचे का? ग्रुपवर नको. तिथे ‘अहो काकू, गंमत केली’ असं येणार, त्यावर पुन्हा हसरे चेहरे येणार, आणि तुम्ही पहिल्यापेक्षा जास्त दुखावणार. ज्याचं लागलं त्याला एकट्याला बोला. जाऊबाईंच्या मुलाला फोन करा आणि रागवायच्या आधी ती पानं काय आहेत ते सांगा. त्याच्याही आजोबांच्याच आठवणी आहेत त्या, ताई! ‘तुझ्या आजोबांचं लिखाण दिसेनासं झालंय, ये आणि बघ’ असं म्हणालात तर तो येईल असं मला मनापासून वाटतं.

आणि ग्रुपवर पुन्हा लिहा. रात्री उशिरा नको, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, माणसं निवांत असतात तेव्हा. साधारण असं:

‘नमस्कार. परवा मी अर्धवट विचारलं होतं. डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे, विंडोज 11. गेल्या आठवड्यात फॉरमॅट केला. त्यानंतर यांनी 2004 साली वर्डमध्ये टाइप केलेली मराठी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं दिसतात. नवीन मराठी टाइप करता येतं, फक्त ही जुनी फाइल वाचता येत नाही. फॉन्टचं नाव अमुक दिसतं. पडद्याचा फोटो जोडला आहे. यात आमच्या सासऱ्यांच्या आठवणी आहेत, म्हणून काळजी वाटते. हा फॉन्ट कुणाकडे आहे का? किंवा जुनं डीटीपीचं काम करणारं कुणी ओळखीचं?’

यातलं काय कशासाठी, ते इतर वाचकांसाठीही सांगते. यंत्र कुठलं आणि त्याच्या आत विंडोज कुठलं, हे नसेल तर कुणीही अंदाजच करणार. बिघाडाच्या आधी काय झालं होतं, इथे फॉरमॅट, यातच बहुतेक वेळा कारण दडलेलं असतं, आणि नेमकं हेच लोक सांगायचं विसरतात. काय चालतंय हे सांगितलं की काय बिघडलंय ते आपोआप आखून मिळतं. पडद्यावर काही सूचना आली असेल तर तिचा अर्थ सांगू नका, तिचे शब्द जसेच्या तसे लिहा किंवा सरळ फोटो काढा. मात्र त्या फोटोत पासवर्ड, खाते क्रमांक, आधार असं काही नाही ना, ते पाठवण्याआधी एकदा बघा. आणि ही गोष्ट आपल्याला किती महत्त्वाची आहे, तेही एका ओळीत लिहा. आपल्याकडे ते लिहायला संकोच वाटतो. लोक मात्र ती ओळ वाचून थांबतात.

या वयात विचारू नये का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या सासऱ्यांनी आठवणी सांगितल्या आणि यजमान टाइप करत राहिले, तेव्हा किती वेळा ‘बाबा, हे नाव कसं लिहू? हे गाव कुठलं?’ असं विचारलं असेल. विचारलं म्हणून तर 112 पानं झाली.

आता राहिलं ते युनिकोडचं. पीडीएफ आणि प्रिंट हातात आल्यावर भाच्याला किंवा पुतण्याला घेऊन बसा. जुन्या फॉन्टचं नाव घालून ‘युनिकोड रूपांतर’ असं शोधलं की त्यासाठीची साधनं मिळतात. त्यांत मजकूर टाकला की खरं मराठी तयार होऊन येतं, जे फोनवरही दिसतं आणि शोधताही येतं. एकदम सगळी पानं घालू नका, आधी एक पान करून बघा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, त्यामुळे रूपांतरात या दोघांची जागा हमखास इकडची तिकडे होते. ‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्या’ अशी जोडाक्षरंही डोळ्यांखालून घाला. आणि ज्या साधनांत हिंदीचाच विचार जास्त केलेला असतो, त्यांत ‘ळ’वर खास नजर ठेवा. तपासायला शब्द शोधत बसावं लागणार नाही. ‘होळकर’ पहिल्याच पानावर असेल. तो नीट उमटला की मला एका ओळीने कळवा.